इंग्रजी वाक्यातील कालपदांचे स्थान व भर

घटना कधी घडली, किती वेळ चालली किंवा किती वेळा घडली हे सांगणाऱ्या पदांना येथे कालपदे म्हटले आहे, उदा., ‘यस्टरडे’, ‘फॉर टू अवर्स’, ‘ऑफन’. इंग्रजीत विभक्तिप्रत्यय फारसे उरलेले नसल्याने कर्ता, क्रियापद व कर्म यांच्या जागा बहुतांशी ठरलेल्या असतात. कालपदाला मात्र वाक्याचा प्रारंभ, मध्य व शेवट अशा तीन जागा उपलब्ध असतात. यांपैकी कोणती जागा निवडली यावर वाक्यातील भर, आणि काही वेळा अर्थही, अवलंबून असतो. कोल्हापूर परिसरातील मराठी भाषकांना ओळखीचे वाटतील असे दाखले पुढे दिले आहेत.

मधली जागा मुख्यतः ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ यांसारख्या वारंवारता दाखवणाऱ्या पदांची आहे. ती मुख्य क्रियापदाच्या आधी (‘ही ऑफन गोज टू पन्हाळा’), पहिल्या सहायक क्रियापदानंतर (‘ही हॅज ऑफन गॉन टू पन्हाळा’) किंवा ‘इज’, ‘वॉज’ यांच्यानंतर (‘ही इज ऑफन लेट’) येतात. निश्चित वेळ सांगणारी पदे येथे सहसा बसत नाहीत. वाराचे नाव क्रियापदाच्या आधी घालण्याची रीत अमेरिकी वृत्तपत्रांत आहे, ती इतरत्र अनुकरणीय मानली जात नाही. क्रियापद व कर्म यांच्यामध्ये कालपद घालणे चूकच ठरते : ‘शी बॉट यस्टरडे अ सारी’. कर्म फार लांबलचक असेल तेव्हा ही बंदी सैल होते.

निश्चित वेळेसाठी खरी निवड प्रारंभ आणि शेवट यांत असते. ‘ऑन 26 जुलै 1902, शाहू महाराज रिझर्व्ह्ड फिफ्टी पर्सेंट ऑफ द व्हेकंट पोस्ट्स फॉर द बॅकवर्ड क्लासेस’ या वाक्यात तारीख ही चौकट आहे. सांगायची बातमी म्हणजे आरक्षण. तीच तारीख शेवटी नेली, तर आरक्षणाची गोष्ट वाचकाला ठाऊक असून ती कधी घडली एवढेच सांगायचे आहे, असा कल होतो. इतिहासलेखनात एकामागून एक वर्षे प्रारंभी येतात ती यामुळेच. प्रारंभीच्या पदात विरोधही ध्वनित होतो : ‘टुडे आय ॲम फ्री’ म्हणताच उद्याचे सांगता येत नाही असे ऐकणारा धरून चालतो.

शेवटच्या जागेवर भर असतो, हे शालेय व्याकरणांतील विधान मात्र जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. जुनी माहिती आधी आणि नवी नंतर या तत्त्वाचा पद्धतशीर विचार भाषाभ्यासक आंरी वेल यांच्या 1844 च्या प्रबंधापासून धरतात. विसाव्या शतकात प्राग संप्रदायातील (प्राग शहरातील भाषावैज्ञानिकांच्या गटातील) मातेझियुस व पुढे फिरबास यांनी तो वाढवला. फिरबास यांच्या मते शेवटी आलेले कालपद पुष्कळदा केवळ पार्श्वभूमी असते. उच्चारणाचा पुरावा या मताला अनुकूल आहे. ‘आय सॉ अ बायसन यस्टरडे’ हे वाक्य सहज बोलले जाते तेव्हा मुख्य आघात ‘बायसन’वर पडतो; ‘यस्टरडे’ खालच्या सुरात निघून जाते. आघात ‘यस्टरडे’वर नेला, की ‘परवा नव्हे, काल’ असा अर्थ होतो. म्हणजे शेवटची जागा भर घेऊ शकते, घेतेच असे नाही. लेखनात सूर नसल्याने वाचक संदर्भावरून निर्णय करतो. म्हणून तेथे लहान कालपदापेक्षा नेमकी तारीख किंवा मुदत शेवटी ठेवल्यास भर अधिक खात्रीने पोहोचतो.

स्थळ आधी व काळ नंतर हा इंग्रजी क्रम कसा रूढ झाला, याविषयी एकवाक्यता नाही. जुन्या इंग्रजीत ‘तेव्हा’ या अर्थाचे पद प्रारंभी आले, की क्रियापद बहुधा लगेच दुसऱ्या जागी येई. ही रचना साधारणतः चौदाव्या-पंधराव्या शतकांत मागे पडली असे मानतात. जर्मन भाषावैज्ञानिक बेहागेल यांनी 1909 मध्ये लहान घटक आधी व मोठा नंतर अशी प्रवृत्ती मांडली. भाषावैज्ञानिक हॉकिन्स यांनी 2000 मध्ये प्रत्यक्ष मजकूर तपासून रीत–स्थळ–काळ हा शालेय क्रम दुबळा असल्याचे व घटकांची लांबी अधिक निर्णायक असल्याचे दाखवले. हे मत अधिक ग्राह्य दिसते. लांब स्थळपदापूर्वी ‘टुडे’ सहज येते, याचा उलगडा त्याने होतो.

अनेक कालपदे शेवटी एकत्र आल्यास अवधी, वारंवारता व वेळ असा क्रम सामान्यतः दिसतो : ‘ही ट्रेन्ड फॉर टू अवर्स एव्हरी मॉर्निंग लास्ट यीअर’. मराठीत याचे नेमके प्रतिबिंब मिळते : ‘गेल्या वर्षी तो रोज सकाळी दोन तास मेहनत करायचा’. दोन्हीकडे अवधी क्रियापदाच्या सर्वांत जवळ व वर्ष सर्वांत दूर आहे. मराठीत क्रियापद शेवटी असल्याने दिशा तेवढी उलटते.

पूर्ण काळात जागा बदलली, की अर्थच बदलू शकतो. ‘आय हॅव लिव्ह्ड इन कोल्हापूर फॉर फाइव्ह यीअर्स’ याचे दोन अर्थ होतात : अजून राहतो आहे, किंवा आयुष्यात कधीतरी पाच वर्षे राहिलो होतो. ‘फॉर फाइव्ह यीअर्स’ प्रारंभी नेल्यास पहिलाच अर्थ उरतो. ‘द क्लार्क हॅड लेफ्ट ॲट सिक्स’ यात सहा ही निघण्याची वेळ असू शकते, किंवा सहाला पाहिले तर तो आधीच गेलेला होता असाही अर्थ निघतो. ‘ॲट सिक्स’ प्रारंभी आल्यास दुसरा अर्थ बळावतो, पहिला पूर्णपणे बाद होतो असे मात्र म्हणवत नाही.

नकारार्थी किंवा मर्यादादर्शक कालपद प्रारंभी आल्यास सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते आणि भर सर्वाधिक होतो : ‘नॉट अंटिल 1962 डिड कोल्हापूर गेट इट्स ओन युनिव्हर्सिटी’. ‘डिड’ गाळून ‘कोल्हापूर गॉट’ लिहिणे ही नेहमीची चूक. नकार रूपापुरता असेल तर उलटापालट होत नाही : ‘ॲट नो टाइम डिड ही कम्प्लेन’, पण ‘इन नो टाइम ही फिनिश्ड द वर्क’. दुसऱ्या वाक्यात काम झालेले आहे. नकार वाक्याला लागत नाही.

दोन क्रियापदांमध्ये सापडलेले कालपद संदिग्ध होते. ‘द ऑफिसर सेड ऑन मंडे द गेट्स वुड ओपन’ यात सोमवार सांगण्याचा की धरणाचे दरवाजे उघडण्याचा? पंचगंगेच्या काठी ही शंका किरकोळ नाही. ‘सेड ऑन मंडे दॅट’ किंवा ‘सेड दॅट ऑन मंडे’ असे लिहून ती मिटते.

मराठीत भराची जागा क्रियापदाच्या लगेच आधी असते. ‘मी उद्या पन्हाळ्याला जाणार’ यात भर पन्हाळ्यावर, तर ‘मी पन्हाळ्याला उद्या जाणार’ यात उद्यावर. क्रियापदानंतर आलेले पद बहुधा हलके पडते. कोल्हापुरी बोलण्यातील ‘देतो की उद्या’ यात खात्री देण्याची आहे, दिवस मागून जोडलेला; ‘उद्याच देतो की’ यात दिवसच पक्का केला जातो.

या सवयीने इंग्रजी लिहिताना सगळी कालपदे व स्थळपदे पुढे साचतात : ‘टुमॉरो मॉर्निंग ॲट टेन ॲट रंकाळा आय विल मीट यू’. यात व्याकरणाची मोठी चूक नाही, पण मुख्य विधान उशिरा येते आणि वेळ केवळ चौकट होऊन बसते. ‘आय विल मीट यू ॲट रंकाळा ॲट टेन टुमॉरो मॉर्निंग’ हा सहज क्रम. सकाळची दुसऱ्या दिवसाशी तुलना करायची असेल, तर ‘टुमॉरो मॉर्निंग’ एवढेच पुढे न्यावे व ‘ॲट टेन’ शेवटी ठेवावे. ‘च’साठी ‘टुमॉरो ओन्ली’ लिहिल्यास भारताबाहेरच्या वाचकाला ‘फक्त उद्यापुरते’ असे वाटते. तेथे आघात किंवा ‘इट इज टुमॉरो दॅट’ ही रचना वापरतात. अर्जाची मुदत सांगताना ‘बाय फाइव्ह ऑन फ्रायडे’ वाक्याच्या अगदी शेवटी ठेवणे पुरेसे होते.