हृदयझडपांची दुरुस्ती : नवी तंत्रे आणि शस्त्रक्रियेनंतरची सुधारणा

हृदयाच्या चार झडपा रक्ताला एकाच दिशेने वाहू देतात. झडप अरुंद होऊन नीट उघडेनाशी झाली, किंवा नीट न मिटल्याने रक्त मागे गळू लागले, तर ती दुरुस्त करावी लागते किंवा तिच्या जागी कृत्रिम झडप बसवावी लागते. औषधांनी धाप आणि सूज आटोक्यात राहते, पण बिघडलेली झडप गोळीने पूर्ववत होत नाही. ‘व्हॉल्व्हचे ऑपरेशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपचारात गेल्या पंचवीस वर्षांत मोठा बदल झाला. छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून झडप उघडणे, शिवणे किंवा बदलणे शक्य झाले.

हे नवे तंत्र कोणासाठी घडले, हे आधी पाहायला हवे. पाश्चात्त्य देशांत झडपांचा आजार मुख्यतः उतारवयाचा आहे. सत्तरी-ऐंशीत महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचते आणि ती कडक होते. भारतात त्याच्या जोडीला संधिवाती तापाचा आजार अजून ठाण मांडून आहे. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा दुखतो, आणि त्या जंतूंविरुद्ध उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरच उलटते. डाव्या बाजूच्या मायट्रल म्हणजे द्विदल झडपेची पाती कडेने चिकटतात आणि वाट अरुंद होत जाते. असे कित्येक रुग्ण विशी-तिशीतले असतात. बऱ्याच स्त्रियांना हा आजार पहिल्या गरोदरपणातच कळतो, कारण तेव्हा शरीरातले रक्त वाढते, अरुंद झडपेतून ते पुढे जात नाही आणि धाप लागते.

या रुग्णांसाठी सर्वांत उपयोगी ठरलेले नळीचे तंत्र खरे तर चाळीस वर्षांहून जुने आहे. जपानचे शल्यचिकित्सक कांजी इनोउए यांनी १९८२ मध्ये ते प्रथम वापरले. जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या वरच्या कप्प्यात नेतात, दोन्ही कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र पाडून ती डावीकडे उतरवतात आणि फुगा झडपेत फुगवतात. तो आधी पुढून, मग मागून आणि शेवटी मधोमध फुगतो, त्यामुळे झडपेतच अडकून राहतो आणि चिकटलेल्या कडा सुटतात. रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. पाती फार जाड झालेली नसावीत, झडप फार गळत नसावी आणि डाव्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी नसावी, या त्याच्या अटी आहेत. गरज पडल्यास गरोदरपणातही हा उपचार करता येतो. काही वर्षांनी झडप पुन्हा अरुंद होऊ शकते, पण तोवर तरुण रुग्णाची मोठी शस्त्रक्रिया टळलेली असते.

गळणारी झडप वाचवण्याची शिस्तबद्ध पद्धत फ्रान्सच्या अ‍ॅलेन कार्पेंतिए यांनी घालून दिली. पात्याचा ढिला भाग काढून टाकणे आणि झडपेच्या घेराला कडे शिवून तिचा आकार परत आणणे, हे तिचे मुख्य भाग. पात्यांना धरून ठेवणारे दोरे तुटले असतील तर त्यांच्या जागी गोरटेक्स या कृत्रिम पदार्थाचे दोरे लावणे पुढे रूढ झाले. आज हेच काम उजव्या बरगड्यांमधल्या छोट्या छेदातून होते. यंत्रमानवाच्या साहाय्याने मायट्रल झडपेची पहिली दुरुस्ती १९९८ मध्ये कार्पेंतिए यांनीच केली. छेद छोटा की मोठा याला जाहिरातीत फार महत्त्व येते. रुग्णाच्या पुढच्या आयुष्यावर त्याहून जास्त परिणाम होतो तो स्वतःची झडप टिकली की बदलावी लागली याचा. संधिवाती तापाने जाड आणि आखूड झालेली पाती दुरुस्त करणे मात्र अवघड असते आणि तिथे शल्यचिकित्सकाच्या अनुभवावर बरेच अवलंबून असते.

बदलायची झडप दोन प्रकारची असते. १९६० मध्ये अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप यशस्वी केली आणि तिथून यांत्रिक झडपांचा जमाना सुरू झाला. परदेशी झडपा भारतीय रुग्णांना परवडत नव्हत्या. तेव्हा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियथन यांच्या चमूने स्वदेशी झडप तयार केली. आधीचे तीन नमुने फसले. चौथ्यात कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या चौकटीत पॉलिएथिलीन या टिकाऊ प्लास्टिकची तिरपी होणारी चकती होती. तो डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या रुग्णात बसवला गेला आणि पुढे चित्रा व्हॉल्व्ह या नावाने देशभर पोहोचला. दुसरा प्रकार जैव झडपेचा. ती गाईगुरांच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनते. काही कुटुंबांची याला धार्मिक हरकत असते, म्हणून ही गोष्ट शस्त्रक्रियेआधीच मोकळेपणाने बोललेली बरी. जैव झडपेला आयुष्यभर रक्त पातळ करणारी गोळी लागत नाही, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि तरुणांत आणखी लवकर.

ज्याची सर्वाधिक चर्चा होते ते ‘टावी’ तंत्र, म्हणजे महाधमनीची झडप नळीतून बसवणे, जैव झडपेचेच आहे. डेन्मार्कचे हेनिंग अँडरसन यांनी १९८९ मध्ये डुकरांवर त्याचा प्रयोग केला. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ येथे अ‍ॅलेन क्रिबिए यांनी पहिल्यांदा माणसाच्या हृदयात अशी झडप बसवली. धातूच्या जाळीत शिवलेली झडप चेपून नळीवर बसवतात आणि जांघेतल्या धमनीतून हृदयापर्यंत नेतात. फुग्यावरची झडप उघडताना पेसिंगने, म्हणजे बाहेरून दिलेल्या विजेच्या स्पंदनांनी, हृदयाचे ठोके मिनिटाला १८० च्या आसपास वाढवतात, म्हणजे क्षणभर रक्ताचा झोत थांबतो आणि झडप जागेवरून ढकलली जात नाही. जुनी झडप काढत नाहीत, ती बाजूला दाबली जाते. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांवर झालेल्या पार्टनर चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. नेहमीच्या उपचारांवर वर्षभरात ५०.७ टक्के रुग्ण दगावले, टावी झालेल्यांत ३०.७ टक्के. २०१९ पर्यंत कमी जोखमीच्या रुग्णांतही तिची उपयुक्तता दिसली. तिचे धोकेही आहेत. काहींना नंतर पेसमेकर लागतो, काहींच्या झडपेच्या कडेने रक्त झिरपते, क्वचित पक्षाघात होतो. वापी येथील मेरिल कंपनीच्या मायव्हॅल या झडपेची तुलना दोन प्रस्थापित परदेशी झडपांशी झाली. ‘लँडमार्क’ चाचणीच्या २०२४ च्या निष्कर्षांत ती त्यांच्यापेक्षा कमी ठरली नाही.

मायट्रल झडपेची गळती थांबवणारी मायट्राक्लिप ही नळीतून बसवायची चिमटी इटलीच्या ओत्ताव्हिओ आल्फिएरी यांच्या टाक्यावर बेतलेली आहे. ती दोन्ही पात्यांचे मधले काठ एकत्र पकडते, त्यामुळे झडपेला एकाऐवजी दोन छोट्या वाटा राहतात. २०१८ मध्ये हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवरच्या दोन चाचण्या एकापाठोपाठ जाहीर झाल्या. अमेरिकेतल्या कोॲप्ट चाचणीत मृत्यू आणि रुग्णालयातल्या फेऱ्या दोन्ही बरेच घटले, तर फ्रान्सच्या मित्रा-एफआर चाचणीत काहीच फरक पडला नाही. क्लिपसाठी रुग्ण किती काटेकोरपणे निवडावा लागतो, हे त्यावरून ध्यानात आले. संधिवाती तापाने अरुंद झालेल्या झडपेला मात्र क्लिप चालत नाही. तिने वाट आणखी अरुंद होईल.

टावीनंतर रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी चालतो आणि काही दिवसांत घरी जातो. उरोस्थी म्हणजे छातीचे मधले हाड कापून केलेल्या शस्त्रक्रियेचे तसे नसते. श्वासनळीतली नळी शक्य तितक्या लवकर काढतात आणि एक-दोन दिवसांत खुर्चीत बसवतात. फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन छोट्या चेंडूंच्या उपकरणातून श्वास ओढायला लावतात आणि खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला सांगतात. तारेने बांधलेली उरोस्थी जुळायला सहा ते आठ आठवडे, कधी बारा लागतात. तोवर पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर, नातवंड यांतले काहीच उचलायचे नाही. हातांवर जोर देऊन उठायचे नाही, दुचाकीही बंद. पहिल्या आठवड्यात ठोके अनियमित होणे फार आढळते आणि ते बहुधा औषधांनी सावरते. भूक मरणे, झोप उडणे, उगीच रडू येणे हेही होते. घरच्यांना याची कल्पना आधी द्यायला हवी, नाहीतर रुग्णाला ‘मन घट्ट कर’ असे बोल ऐकावे लागतात.

यांत्रिक झडप असेल तर जखम भरल्यावरही एक काम आयुष्यभर उरते, ते म्हणजे रक्त पातळ ठेवण्याचे. भारतात त्यासाठी असेनोकुमारॉल किंवा वॉरफरिन देतात आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी आयएनआर ही रक्तचाचणी नियमित करतात. महाधमनीच्या झडपेला आयएनआर साधारण २ ते ३, मायट्रलला २.५ ते ३.५ ठेवतात. कमी झाला तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाला तर रक्तस्राव. ‘पालेभाज्या बंद करा’ हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. प्रत्यक्षात पालक-मेथी वर्ज्य नाहीत, त्यांचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे हवे. श्रावणात किंवा नवरात्रात उपवास करून जेवण बदलले की आयएनआरही बदलतो. वेदनाशामके, प्रतिजैविके आणि घटकांची माहिती नसलेल्या जडीबुटी यांनीही तो हलतो. तपासणीची गरज नसलेल्या नव्या गोळ्या यांत्रिक झडपेला चालत नाहीत. त्यांपैकी डॅबिगाट्रानच्या चाचणीत गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, म्हणून ती मधेच थांबवावी लागली. गरोदरपणात पेच आणखी मोठा होतो. वॉरफरिनने सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भात व्यंग येऊ शकते, आणि त्याऐवजी हेपरिनच्या इंजेक्शनवर नेले तर आईच्या झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून तरुण स्त्रीला कोणती झडप बसवायची याचा निर्णय मुलांचा विचार धरूनच घ्यायचा असतो.

कृत्रिम झडप असलेल्याने दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस घ्यावा, कारण हिरड्यांतले जंतू रक्तात उतरून झडपेवर बसू शकतात. एमआरआयची भीती मात्र अनाठायी आहे. आजच्या झडपांना ती तपासणी चालते, झडपेचे कार्ड सोबत न्यावे इतकेच. महाराष्ट्रात झडप बदलण्याची शस्त्रक्रिया आणि फुग्याचा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट आहेत. संधिवाती तापाच्या रुग्णांनी झडप बदलल्यावरही दर तीन-चार आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन सोडायचे नसते. ताप पुन्हा उलटला तर उरलेल्या झडपाही बिघडतात. झडपांचा आजार गंभीर असल्यास हे इंजेक्शन निदान चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर चालू ठेवतात.