पाठ टेकली म्हणजे हरलं का?

२०२५च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली. गादी (म्हणजे मॅट) विभागातल्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला, तो राक्षेला मान्य झाला नाही. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं त्याचं म्हणणं. प्रकरण पंचांशी झटापटीपर्यंत गेलं, पुढे निलंबनाची कारवाई झाली. त्या वागण्याचं समर्थन कुणी करू नये. पण एका क्षणाला पाठ टेकली की नाही, यावर पैलवानाचं वर्ष पणाला लागतं, हेही त्यात दिसलं.

आज पुण्या-मुंबईतल्या तरुणापुढे तालीम, मॅटवरची कुस्ती, ज्यूदो, ब्राझिलियन जिऊ-जित्सू असे चार रस्ते असतात. यातलं काय शिकू, असं तो विचारतो तेव्हा उत्तर बहुधा 'खऱ्या मारामारीत कोण जिंकेल' या अंगाने दिलं जातं. मला हा प्रश्न दुसऱ्या बाजूने बघावासा वाटतो. या सगळ्या कलांमध्ये धरणं, ओढणं, पाडणं, दाबणं एकाच घराण्यातलं आहे. खालचा माणूस हरला असं कधी म्हणायचं, याची उत्तरं मात्र प्रत्येकीने वेगळी दिली, आणि त्या उत्तरानुसार शिकणाऱ्यांची शरीरं घडत गेली.

मल्लविद्या आपल्याकडे फार जुनी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार आणि मेहनत यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे इराणी पहलवानी परंपरेचा तिच्याशी मिलाफ झाला. 'कुस्ती' आणि 'पैलवान' हे दोन्ही शब्द फारसीतूनच आले. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, तेही मुळात मल्लाच्या मेहनतीसाठी. पण आज आपण जिला 'मातीची कुस्ती' म्हणतो, तिचं महाराष्ट्रातलं वैभव उभं केलं कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी. १९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले. परतताना रोममधलं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि त्यावरून कोल्हापुरात कुस्तीचं मैदान बांधण्याचं मनावर घेतलं, असं सांगतात. १९१२ साली खासबाग मैदान खुलं झालं. मधला हौदा उंचावर, भोवती उतरती बैठक, म्हणजे कुठूनही कुस्ती दिसावी. महाराजांनी देशभरातून मल्ल आणले, त्यांना तालमीत ठेवलं, खुराकाची सोय केली.

हा खुराकाचा मुद्दा वरवरचा नाही. राजाश्रयावर वाढलेली कुस्ती दिवसभर कुस्तीच करणाऱ्या माणसासाठी घडली. पहाटे उठून जोर, बैठका, सपाट्या, मग लढत, मग दूध-बदाम-तुपाचा खुराक, झोप, आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. राजाश्रय गेल्यावर हा भार गावच्या जत्रेतल्या फडाने, इनामांनी आणि पैलवानाच्या घरच्यांनी उचलला. पोराच्या खुराकासाठी म्हैस राखणारी, प्रसंगी शेत विकणारी घरं आजही आहेत. तालीम हा जगण्याचा प्रकार आहे. नोकरी सांभाळून आठवड्यातून तीन संध्याकाळ येणाऱ्याला तिथे कुणी हाकलून देत नाही, पण ती त्याच्यासाठी बांधलेली नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता मातीचा न्याय बघा. अंगावर फक्त लंगोट, म्हणजे पकडायला कापड नाही. खाली ताक, तेल, हळद, काव घालून मऊ केलेली लाल माती. जुन्या फडात घड्याळ नाही आणि गुणही नाहीत. कुस्ती निकाली म्हणजे चितपट, नाहीतर बरोबरीत सोडवलेली. पाठ टेकली तरच हार. याचा सरळ परिणाम असा की खाली गेलेला पैलवान पालथा पडतो आणि तिथे तो सुरक्षित असतो. मग वरचा त्याच्यावर सवारी कसतो, घिस्सा भरतो, एकलांगी लावतो, आणि हे सगळं खालच्याला उलथवण्यासाठी. मान आणि पाठ यांत जी ताकद तालमीतला पैलवान कमावतो, ती या एका नियमातून आली आहे.

याचं जगाने पाहिलेलं उदाहरण म्हणजे १० सप्टेंबर १९१०ची लंडनमधली कुस्ती. गामा पैलवानासमोर पोलंडचा स्तानिस्लाव झ्बिश्को होता. गामाने त्याला सुरुवातीलाच खाली घेतलं. त्यानंतर झ्बिश्को जो पालथा पडला, तो अडीच तासांहून अधिक चाललेल्या त्या कुस्तीत बहुतेक वेळ तसाच राहिला. पाठ लागली नाही म्हणून निकालही लागला नाही. ठरलेल्या फेरकुस्तीला झ्बिश्को आलाच नाही. १९२८ साली पतियाळात मातीवर दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत त्याला आसमान दाखवलं. पालथं पडून राहण्याचा कंटाळवाणेपणा लंडनच्या प्रेक्षकांनी सोसला, तो पुढे ऑलिम्पिकच्या नियमकर्त्यांना चालणार नव्हता. मॅटवरच्या कुस्तीत घड्याळ आलं, गुण आले, आणि निष्क्रिय राहणाऱ्याला ताकीद आली. आजच्या फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न टेकताही कुस्ती संपते. कमरेखाली पकड नाही ती ग्रीको-रोमन, आणि पायही धरता येतात ती फ्रीस्टाइल.

माती आणि मॅट यांतलं अंतर कुणी अंगावर भोगलं असेल तर खाशाबा जाधवांनी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला गेला तेव्हा मॅट आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्याला नवेच होते. तरी सहावा आला. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. तिथे ५७ किलो गटात खाशाबांनी कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मरणोत्तर अर्जुन पुरस्कार मिळायला २००१ उजाडलं. हे लिहिताना आजही राग येतो.

त्या गटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीने नेलं. हा इशी मुळात ज्यूदोचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अंमलाखाली जपानच्या शाळांतून ज्यूदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे हेलसिंकीच्या त्या मॅटवर कोल्हापूरची माती आणि जपानी तातामी (ज्यूदोची चटई) आमनेसामने आली होती, दोघांनाही परक्या अशा नियमांखाली.

ज्यूदोची गोष्ट १८८२ची. जिगोरो कानो या एकविशीतल्या तरुणाने तोक्योच्या एइशोजी मंदिरात बारा तातामींच्या जागेत कोदोकान सुरू केलं. जुजुत्सू या जपानच्या जुन्या झुंजविद्येच्या दोन घराण्यांत तो शिकला होता. तिथल्या जीवघेण्या गोष्टी त्याने बाजूला ठेवल्या आणि पूर्ण जोर लावून सराव करता येईल अशा फेकी, दाब आणि पकडी ठेवल्या. कानोचा पेशा शिक्षकाचा, आणि ज्यूदो वाढला तो शाळा-कॉलेजांतून. इथे अंगात जाड सुती जाकीट असतं, त्यामुळे बाही आणि कॉलर हीच पकड. समोरच्याला जोराने, वेगाने आणि ताबा ठेवून पाठीवर आपटलं की इप्पोन, सामना तिथेच खलास. एका अर्थी हीसुद्धा चितपटच, पण पाठ कशी लागली याला इथे मोल आहे. घासत, उलथवत टेकवलेल्या पाठीला पूर्ण मान नाही, तिथे वीस सेकंद दाबून धरावं लागतं. म्हणून ज्यूदोका उभ्याने लढायला घडतो, खाली फारसा वेळ मिळत नाही.

कानोने एक डाव पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकातून उचलला होता. खाली बसून समोरच्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. ज्यूदोत त्याचं नाव काता-गुरुमा. आपल्या तालमीतलं कोणतंही पोर तो ओळखेल, तो आपला कलाजंग. आणि आज ज्यूदोच्या स्पर्धेत तो मूळ रूपात चालत नाही, कारण पाय धरण्यावर २०१०मध्ये निर्बंध आले आणि २०१३पासून पूर्ण बंदी आली. ज्यूदो कुस्तीसारखा दिसू लागला होता, तो वेगळा दिसावा हा त्यामागचा एक हेतू होता. मला हा निर्णय कधीच पटला नाही. कलाजंग आणि पट (पाय धरून पाडणं) ज्याच्या हातात बसलेत असा तालमीतला पोरगा ज्यूदोला गेला, तर त्याचं अर्धं भांडवल दारातच काढून घेतलं जातं. धोबीपछाड तेवढी तशीच चालते, फक्त दंडाऐवजी बाही धरायची.

याच कोदोकानमधला मित्सुयो माएदा १९०४ साली अमेरिकेला निघाला. पुढे इंग्लंड, स्पेन, क्युबा, मेक्सिको असा पैशासाठी कुस्त्या करत फिरला आणि १९१४ला ब्राझीलमध्ये पोहोचला. बेलेम शहरात त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकला. ती विद्या, म्हणजेच पुढची ब्राझिलियन जिऊ-जित्सू, कार्लोसच्या भावंडांत उतरली. त्यांतला एलियो अंगाने किरकोळ. ग्रेसी बंधू उघड आव्हानं देत, त्या लढतींत वजनाचे गट नसत आणि अनेकदा वेळेचं बंधनही नसे. अशा ठिकाणी हलका माणूस पाठीवर जाणारच. तेव्हा त्यांनी पाठीवरूनच लढण्याचं शास्त्र वाढवलं. समोरच्याची कंबर पायांत अडकवायची, त्याचं वजन पायांवर खेळवायचं, आणि संधी मिळताच कोपर किंवा गळा धरायचा. याला ते गार्ड म्हणतात. पाठ टेकली म्हणजे हरलं, हे मानायलाच या लोकांनी नकार दिला. हार कधी? समोरचा हाताने थाप मारून हार कबूल करेल तेव्हा.

१९५१ साली रिओत जपानचा ज्यूदो विजेता मासाहिको किमुरा एलियोसमोर उभा राहिला. किमुराने त्याला वारंवार आपटलं आणि शेवटी खांद्याला पीळ देणारी पकड घातली. एलियो थाप मारेना, तेव्हा कार्लोसने कोपऱ्यातून हार मान्य केली. ती पकड आज जगभरच्या जिऊ-जित्सू वर्गात 'किमुरा' म्हणून शिकवतात. हरवणाऱ्याचं नाव डावाला देऊन जपणं, हे मला त्या घराण्याचं मोठेपण वाटतं. मग १२ नोव्हेंबर १९९३ला अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या सगळ्या युद्धकलांना खुल्या लढतींची पहिली स्पर्धा झाली. एलियोचा मुलगा रॉयस तिथे एका रात्रीत तीन प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर नेऊन जिंकला आणि ही विद्या जगभर गेली. तिचा पोशिंदा राजा नव्हता आणि सरकारही नव्हतं. पहिल्यापासून ती शुल्क देऊन शिकणाऱ्या शहरी माणसावर जगली. म्हणूनच तिशीतला नोकरदार आजही तिथे सहज सामावतो.

रशियाच्या साम्बो या कुस्तीप्रकाराचं मूळही तिथेच, कोदोकानमध्ये. वासिली ओश्चेपकोव्ह तिथून काळा पट्टा घेऊन परतला, आणि सोव्हिएत प्रदेशांतल्या लोककुस्त्यांची भर पडत नवा प्रकार तयार झाला. १९३७च्या दडपशाहीत ओश्चेपकोव्ह तुरुंगात मेला. पुढच्याच वर्षी साम्बोला अधिकृत मान्यता मिळाली, संस्थापकाचं नाव गाळून. जाकीट धरायचं, पायांना पीळ द्यायचा, पण गळा आवळायचा नाही, हा तिचा नियम. महाराष्ट्रात ती शिकवणारी ठिकाणं कमी.

मुलींच्या बाबतीत इतिहास अजून ताजा आहे. तालमीच्या उंबऱ्याआत बाईने जायचं नाही, हा नियम पिढ्यानपिढ्या चालला आणि तो चूक होता. महिला ज्यूदो १९९२ला ऑलिम्पिकमध्ये आला, महिला कुस्ती २००४ला. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ साली सांगलीत झाली, तिथे प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. त्यामुळे एखाद्या गावात मुलीसाठी ज्यूदोचा किंवा मॅटचा वर्ग असतो आणि शेजारची जुनी तालीम तिला बंद असते. तिथे कला निवडण्याचा प्रश्नच उरत नाही, दार कुठलं उघडं आहे एवढंच बघावं लागतं.

एका कलेतून दुसरीत जाणाऱ्याला मात्र जुनं शरीर बरोबर न्यावं लागतं. गणपतराव आंदळकर मातीतले हिंदकेसरी, पण १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकलं. खडाखडी (उभ्याने पकडीसाठी होणारी झटापट), तोल आणि मानेची ताकद सगळीकडे उपयोगी पडते. अडतं ते सवयीत. तालमीतला पैलवान जिऊ-जित्सूला गेला की समोरच्याला सहज खाली घेतो. पण स्वतः खाली आला की नकळत पालथा होतो, आणि मग पाठीवर चढलेला माणूस त्याच्या गळ्यात हात घालतो. उलट जिऊ-जित्सूवाला मातीत उतरला की पहिल्याच धक्क्याला आरामात स्वतःच्या पाठीवर जातो, आणि कुस्ती तिथेच संपते.

म्हणून नाव नोंदवण्याआधी प्रत्येक ठिकाणी एकेक संध्याकाळ नुसतं कडेला बसावं आणि खाली पडलेल्या पोराला काय सांगितलं जातं ते ऐकावं. तालमीत वस्ताद ओरडतील, "पाठ लावू नको, पालथा हो!" ज्यूदोच्या हॉलमध्ये थोड्याच वेळात "माते" (थांबा) असा पुकारा होईल आणि दोघेही उठून उभे राहतील. जिऊ-जित्सूच्या वर्गात शिक्षक गुडघे टेकून त्याच्या कानाशी सांगत असेल, "वळू नकोस. पाठीवर ये, पाय आत घाल."