देवाची रूपं कुणी चोरली?

आमच्या गुहागरकडच्या घरात गणपतीच्या रात्री पत्ते ठरलेले असतात. दोन वर्षांपूर्वी भाचीने मुंबईहून येताना स्वतः लिहिलेला रहस्यखेळ आणला. मूळ कथेत खून होता. आजी म्हणाली, "देव घरात बसलाय आणि तुम्ही खून कसले पाडताय?" मग खुनाची चोरी झाली.

गोष्ट अशी: कोजागरीच्या रात्री साडेअकराच्या सुमारास ग्रामदेवतेची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, देवळातून गेली. संशयित पाच. भाऊबंदांशी कोर्टात भांडणारे खोतांचे अप्पा, मुलीच्या लग्नाला टेकलेला गुरव, दारू पिणारा पण वादळात चौघांना वाचवणारा होडीवरचा तांडेल, वाटणीसाठी आलेला चाकरमानी, आणि घाटावरून दोन वर्षांपूर्वी आलेले, गरिबांकडून पैसे न घेणारे डॉक्टर. धड चांगला कुणी नाही, धड वाईटही नाही. प्रत्येक पात्राची चिठ्ठी वाचून झाल्यावर आम्ही नऊ जणांनी मतं दिली. सहा अप्पांना, दोन गुरवाला, एक तांडेलाला.

चोर डॉक्टर होते. त्यांना एकही मत नव्हतं.

अप्पांच्या चिठ्ठीत दोन बारीक गोष्टी होत्या. त्यांनी स्वतःच्या आगरासाठी पाट काढला, त्याचं पाणी गुरवाच्या वाडीलाही मिळालं. पुढे स्वतःच्याच सोयीसाठी दगडी गडगा घातला, तर पावसाचं पाणी देवळात शिरलं. दोन्ही वेळा त्यांना दुसऱ्याची फिकीर नव्हती, असं भाचीने स्पष्ट लिहिलं होतं. पाटाबद्दल सगळे म्हणाले, "ते आपसूक झालं, त्याचं त्यांना काय!" गडग्याबद्दल मात्र एकमताने, "मुद्दामच घातला!"

ही गंमत अमेरिकेतल्या जोशुआ नोब या तत्त्वज्ञाने २००३ मध्ये मोजून दाखवली आहे. कंपनीचा अध्यक्ष म्हणतो, मला फक्त नफा हवा, पर्यावरणाचं काहीही होवो. योजनेने पर्यावरणाचं नुकसान झालं, तेव्हा ८२ टक्के लोक म्हणाले की ते त्याने मुद्दाम केलं. तोच अध्यक्ष, तेच वाक्य, फक्त पर्यावरणाचा फायदा झाला, तेव्हा मुद्दाम म्हणणारे २३ टक्केच. म्हणजे हेतू आधी बघून मग दोष द्यावा, असा क्रम आपण पाळत नाही. आधी दोष ठरतो आणि त्याला शोभेसा हेतू मागून चिकटवला जातो. कोकणात राहणाऱ्याला हे सांगायला संशोधक लागू नये. बांधाच्या भांडणात शेजाऱ्याचं कुंपण वाऱ्याने कधीच पडत नाही.

गुरवाचं प्रकरण वेगळं. देवळाचं कुलूप तुटलेलं नव्हतं आणि किल्ली त्याच्याकडे असे. माझा मेव्हणा ओरडला, "झालं, सुटला खेळ!" पण किल्ली गुरवाच्या पडवीत खुंटीला टांगलेली असते, हे गावभर ठाऊक. आता शंभर वेळा ही चोरी झाली असं धरू. पाचही जण सारखेच संशयित, म्हणजे वीस वेळा चोर गुरव. तो कुलूप कशाला तोडेल? उरलेल्या ऐंशी वेळांपैकी निम्म्या वेळा तरी चोराने खुंटीवरची किल्ली वापरली असं मानू, म्हणजे चाळीस. न तुटलेलं कुलूप साठ वेळा दिसलं आणि त्यात गुरव वीस वेळा. संशय वीस टक्क्यांवरून तेहेतीसवर आला, एवढंच. थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याच्या, मरणोत्तर १७६३ मध्ये छापल्या गेलेल्या निबंधातला विचार हाच. पुरावा संशयिताशी जुळतो का, एवढं विचारून भागत नाही. तो इतरांशी किती जुळतो हेही विचारावं लागतं.

दुसरं मत मामीचं. गुरवाचं काम करणाऱ्या पोराने बोलताना नजर खाली घातली म्हणून. खोटं बोलणारा नजर चुकवतो ही समजूत जगभर आहे आणि तिच्यावर फार विसंबू नये. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दोनशेहून जास्त अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. नाणं उडवलं तर पन्नास. आणि पोराची नजर खाली होती कारण पुढ्यात मोदकाचं ताट होतं.

आता डॉक्टर. त्यांचं म्हणणं: "पलीकडच्या वाडीत पेशंट बघून साडेअकराला खाडीच्या तोंडावरून, वाळूतून चालत परत आलो." नऊच्या नऊ जणांनी हे ऐकलं. त्यात माझा चुलतभाऊ होता, ज्याने आयुष्य होडीत काढलं. आमच्याकडे भरतीचा ढोबळ हिशेब पोरांनाही येतो: तिथीला पाऊणपट करायचं. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. चंद्र रोज पुढे सरकतो, म्हणून भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यावरून हा हिशेब निघालेला. शिवाय पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, त्यामुळे उधाण. कोजागरीच्या साडेअकराला त्या वाळूवर पुरुषभर पाणी असणार. घाटावरच्या माणसाला हे सुचलं नाही, हे भाचीने बरोबर हेरलं होतं.

आम्हाला का नाही सुचलं? सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये लोकांना एका अनोळखी माणसाच्या गुणांची यादी दिली. एका गटाच्या यादीत तो 'प्रेमळ', दुसऱ्याच्या यादीत 'थंड'. बाकी शब्द तेच. पण त्या एका शब्दाने तो उदार आहे का, हसतमुख आहे का, यावरची मतंही फिरली. डॉक्टर पैसे घेत नाहीत, हे पहिल्याच ओळीत होतं. पुढचं सगळं आम्ही त्याच रंगात वाचलं. अप्पांनी वाळूतून आलो म्हटलं असतं, तर चुलतभावाने वाक्य पुरं होऊ दिलं नसतं.

उलगडा झाल्यावर भांडण थांबलं नाही. डॉक्टरांनी चांदी विकली ती दवाखान्याचं कर्ज फेडायला, असं शेवटच्या चिठ्ठीत होतं. मामी म्हणाली, "मग ती चोरी कशी?" चुलतभाऊ पाण्याचं चुकलं म्हणून स्वतःवरच चिडून ओटीवर जाऊन बसला.

दुसऱ्या रात्री भाचीने नवा खेळ मांडला. बोटीवरचा, सगळी पात्रं नवीन. चिठ्ठ्या वाटून झाल्या तशी आजी झोपाळ्यावरून म्हणाली, "यात तो अप्पा कुठाय?"