सिकलसेलमधली धाप आणि इकोच्या रिपोर्टातली एक ओळ

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार म्हटला की विदर्भात आधी आठवतात ती हाडंदुखी, पिवळे डोळे आणि रक्त चढवण्यासाठी मेडिकल-मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या वाऱ्या. धाप लागली तर ‘रक्त कमी झालं असेल’ म्हणून घरचे मोकळे होतात. हिमोग्लोबिन नेहमीइतकंच असून जिना चढवत नसेल, तर डॉक्टर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतात. मग रिपोर्टात ‘माइल्ड पीएच’ असं काहीतरी येतं, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब), आणि घरात काळजी सुरू होते. या ओळीला मागच्या वीस-बावीस वर्षांत जे वजन आलं, ते बरंचसं मार्क ग्लॅडविन या अमेरिकन संशोधकामुळे.

सिकलसेलची पहिली वैद्यकीय नोंद 1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी छापली. गंमत म्हणजे दोनच वर्षांनी हृदयविकाराच्या झटक्यावर गाजलेला निबंध लिहिणारे हेरिकही तेच. भारतात हा आजार 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळला आणि 1958 मध्ये शुक्ला-सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब मोजण्याची वाट वेगळीच होती. वेर्नर फोर्समान यांनी 1929 मध्ये स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. कुर्नां आणि रिचर्ड्स यांनी पुढे त्या नळीने दाब मोजायला सुरुवात केली. तिघांना 1956 चं नोबेल मिळालं.

सिकलसेलमध्ये हा दाब का वाढतो, याचं कारण ग्लॅडविन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलं. सिकलच्या तांबड्या पेशी अकाली फुटतात आणि आतलं हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळं फिरतं. हे मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला खाऊन टाकतं. वाहिन्या आवळतात, दाब चढतो आणि ताण येतो हृदयाच्या उजव्या कप्प्यावर. 2004 मध्ये त्यांनी 195 प्रौढ रुग्णांचा इको केला. उजव्या झडपेतून मागे फिरणाऱ्या रक्ताचा वेग 32 टक्के रुग्णांत सेकंदाला 2.5 मीटर किंवा जास्त निघाला, आणि अशा रुग्णांत मृत्यूचा धोका दहापट दिसला. जगभरच्या सिकलसेल डॉक्टरांची झोप उडवणारा आकडा होता तो.

नायट्रिक ऑक्साइडचं काम पुढे रेटणारं सिल्डेनाफिल हे औषध मग ओघानेच आलं आणि सिकलसेलच्या रुग्णांवर त्याची चाचणी सुरू झाली. कागदावर सगळं चोख जुळत होतं. प्रत्यक्षात 2009 मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांना दुखण्याचे झटके येऊन भरती व्हायची वेळ जास्त येत होती.

दुसरा धक्का 2011 मध्ये फ्रान्समधून आला. तिथे 398 रुग्णांचा इको झाला. 27 टक्क्यांत वेग वाढलेला होता. त्यांच्यापैकी 96 जणांना नळी घालून दाब थेट मोजला, तेव्हा खरं पल्मनरी हायपरटेन्शन फक्त 24 जणांत ठरलं. म्हणजे एकूण रुग्णांच्या 6 टक्के. त्या 24 पैकी 13 जणांत दाब वाढण्याचं मूळ हृदयाच्या डाव्या बाजूला होतं, फुप्फुसाच्या वाहिन्यांत नव्हतं.

इको दाब मोजत नाही, अंदाज बांधतो. वेगाचा वर्ग करून चारने गुणायचं: 2.5 चे होतात 25. त्यात उजव्या कर्णिकेचा अंदाजी दाब मिळवायचा. शिवाय रक्त पातळ असल्याने सिकलसेलमध्ये हृदय जास्त रक्त ढकलतं, त्यानेही वेग थोडा वाढतो. माझ्या मते ग्लॅडविन यांचं काम यामुळे खोटं ठरत नाही. वाढलेला वेग धोक्याची सूचना आहेच, पण तेवढ्यावरून निदान होत नाही. अमेरिकन रक्तविकारतज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: लक्षणं नसतील तर सरसकट इको नको, आणि दाब उतरवणारी औषधं सुरू करण्याआधी नळी घालून खात्री करा. नागपूरच्या रुग्णासाठी याचा सरळ अर्थ असा की, ‘माइल्ड’ वाचून गोळी मागण्याआधी कॅथलॅबचा, म्हणजे नळी घालून दाब मोजण्याचा, विषय काढायचा.

सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाला मात्र आधार आहे. वेग वाढलेल्या रुग्णांना ते द्यावं, असं 2014 च्या अमेरिकन सूचनांत आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मुलांवर झालेल्या चाचणीत वजनाच्या किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम एवढ्या कमी डोसनेही दुखण्याचे झटके कमी झाले. ते निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुसाचा दाब हा त्या चाचणीचा विषय नव्हता.