नेपाळला आपण देतो ते अनुदान की उचल?

परवा पावसच्या नाक्यावर चहा घेताना आमचे एक काका तावातावाने सांगत होते, "नेपाळला आपण रेल्वे फुकट दिली, घरं फुकट दिली, विजेच्या लायनी फुकट टाकून दिल्या, आणि आमच्या वाडीत अजून रस्ता नाही." वाडीतल्या रस्त्याचं खरंय, त्यावर वाद नाही. पण बाकीच्या वाक्यात काकांनी वेगवेगळा माल एकाच पेटीत भरलाय, आणि त्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही, पेपरातही "भारताची नेपाळला मदत" एवढंच हेडिंग असतं, खाली चौथ्या परिच्छेदात कळतं की ते अनुदान आहे का कर्ज.

खरं तर हा फरक आपल्याला शिकवायची गरज नाही. मुंबईचे चाकरमानी वर्गणी काढून गावात पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, बांधून देतात, पैसे कोणी परत मागत नाही, फार तर पहिल्या पायरीशी नावांची पाटी लागते. हे झालं अनुदान. आणि वाशीचा दलाल फवारणीच्या वेळी आगाऊ पैसे देतो, ते आंबा गेला की विक्रीच्या पट्टीतून वळते होतात, आणि तोवर पेट्या त्याच्याच गाळ्यावर घालायच्या, दुसरीकडे घातल्यात तर रात्री फोन येतो. ही झाली उचल, सरकारी भाषेत लाइन ऑफ क्रेडिट. दोघेही आपल्याशी गोडच बोलतात, पण वहीत एकाच्या नावापुढे बाकी असते आणि दुसऱ्याच्या नसते.

आता नेपाळ. २०१५ च्या एप्रिलमधे तिथे मोठा भूकंप झाला, त्यानंतर जूनमधे काठमांडूच्या परिषदेत तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराजांनी १०० कोटी डॉलर जाहीर केले. लोकांच्या डोक्यात तो आकडा तसाच राहिलाय, १०० कोटी दिले म्हणून. पण त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे २५ कोटी डॉलर अनुदान होतं, आणि उरलेले ७५ कोटी डॉलर कर्जाच्या खात्यात. एकाच भाषणातली एकच रक्कम आणि तिचे दोन स्वभाव! इथेच सगळा घोळ होतो.

मुख्यतः अनुदानाच्या आणि थोड्या कर्जाच्या भागातून गोरखा आणि नुवाकोट या दोन जिल्ह्यांत मिळून ५० हजार घरं उभी राहिली. ही पद्धत आपल्या घरकुल योजनेसारखीच, प्रत्येक घरामागे ३ लाख नेपाळी रुपये, तेही हप्त्याने, काम तपासून मगच पुढचा हप्ता, बांधायचं ज्याचं त्याने. (नेपाळी रुपया आणि आपला रुपया यातही लोक गोंधळतात, १९९३ पासून आपला १ म्हणजे त्यांचे १.६० असा दर बांधलेला आहे, म्हणजे ते ३ लाख आपले पावणेदोन लाख ते दोन लाखांच्या मधे कुठेतरी बसतात.) २००३ पासून छोट्या कामांची एक वेगळी योजनाही चालू आहे, शाळेची इमारत, दवाखाना, पाणी असली कामं, पैसे भारतीय दूतावासाकडून आणि काम तिथल्या स्थानिक संस्थेकडून. एका कामाला ५ कोटी नेपाळी रुपयांची मर्यादा होती, ती जानेवारी २०२४ मधे २० कोटी केली. पाखाडीची वर्गणी म्हणतो ती ही.

लाइन ऑफ क्रेडिटचं गणित मात्र नीट बघण्यासारखं आहे. पैसे देते एक्झिम बँक, म्हणजे भारत सरकारची आयात-निर्यात बँक, जिचं मुख्य ऑफिस मुंबईत कफ परेडला आहे, आणि गंमत म्हणजे बरेचदा ते पैसे भारताबाहेर जातच नाहीत. नेपाळ सरकार टेंडर काढतं, काम भारतीय कंपनीला मिळतं, बँक त्या कंपनीचं बिल इथल्या इथे भागवते आणि नेपाळच्या नावावर कर्ज लिहिलं जातं. साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. म्हणजे पेट्या आमच्याच गाळ्यावर! व्याज बाजारापेक्षा बरंच कमी, सुरुवातीची काही वर्षं मुद्दल मागत नाहीत, मग लांबलचक मुदतीत फेड, त्यामुळे घेणाऱ्यालाही परवडतं, दलालापेक्षा खूपच बरं म्हणायचं. आजवर नेपाळला अशा चार लाइन मिळाल्यात, १०, २५, ५५ आणि ७५ कोटी डॉलरच्या, बेरीज १६५ कोटी. सोलू भागातली १३२ केव्हीची वीजवाहिनी २०२२ मधे पुरी झाली ती या कर्जातून. तेव्हा काका, ती लाइन फुकट नाही, नेपाळ ते पैसे फेडणार आहे.

आणि रेल्वे? हे ऐकून काकांनी कप खाली ठेवला. बिहारमधलं जयनगर ते नेपाळमधलं कुर्था, ३५ किलोमीटर, वाटेत जनकपूर. रूळ भारताच्या अनुदानातून, इरकॉन या आपल्या सरकारी रेल्वे-बांधकाम कंपनीने टाकले, उद्घाटन २ एप्रिल २०२२ ला. पण त्यावर धावणाऱ्या दोन डेमू (डिझेलवरच्या) गाड्या नेपाळने स्वतःच्या पैशाने विकत घेतल्या, साधारण ५२ कोटी भारतीय रुपयांना, आणि विकल्या कोणी तर आपल्या कोकण रेल्वेने! चेन्नईच्या कारखान्यात बनलेल्या, सप्टेंबर २०२० मधेच तिकडे पोचलेल्या. म्हणजे त्या लाइनवर रूळ भेट आणि गाडी रोखीने, कर्ज आणि अनुदान या दोघांच्या बाहेरचं हे सरळ गिऱ्हाईक. अरुण-३ हा ९०० मेगावॉटचा वीजप्रकल्पही मदतीत मोजतात काही जण, तो तर भारतीय सरकारी कंपनीची गुंतवणूक आहे, नेपाळला त्यातली २१.९ टक्के वीज मोफत आणि बाकी कंपनीचा धंदा.

या सगळ्यात आणखी एक गैरसमज चिकटतो, तो आंब्याच्या बागेतल्या नेपाळी माणसांबद्दल. आमच्याकडे राखणीला येणारा पश्चिम नेपाळातल्या कैलाली जिल्ह्याचा, आम्ही सरसकट गुरखा म्हणतो, त्याला ते आवडत नाही हे मला दहा वर्षांनी कळलं. तो व्हिसाशिवाय येतो ते आपण उपकार करतो म्हणून नाही, ३१ जुलै १९५० च्या मैत्री कराराने राहायची, व्यापार करायची, हिंडायची मोकळीक दोन्हीकडच्या लोकांना दिलीय. त्याला मी जयनगरच्या गाडीबद्दल कौतुकाने विचारलं तर म्हणाला, शेठ, ते नेपाळच्या दुसऱ्या टोकाला, मी बघितलंच नाही. त्याच्या लेखी मदत म्हणजे मी गणपतीआधी दिलेली उचल, आणि ती पगारातून कापतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

बातमी वाचताना एक सोपी खूण आहे. एक्झिम बँक दिसली की कर्ज समजा, दूतावास आणि नगरपालिका यांचा करार दिसला की बहुतेक अनुदान. रक्सौल ते काठमांडू रेल्वेची बातमी मात्र यातल्या कुठल्याच खणात टाकू नका, तिचा अंतिम सर्वे करायचा करार २०२१ मधे झाला, तोही कोकण रेल्वेशीच. काका लगेच म्हणाले, मग झाली म्हणायची रेल्वे. मी म्हटलं सर्वे झालाय. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे होणार होणार ऐकत म्हातारे झालेत ते, पुढे काही बोलले नाहीत, चहाचे पैसे देऊन उठले.