नैसर्गिक आपत्तीनंतरचे हृदयरुग्ण

भूकंप, त्सुनामी, चक्रीवादळ, पूर अशा आपत्तीनंतर हृदयविकार असलेल्यांच्या प्रकृतीवर होणारे परिणाम हा आपत्ती-वैद्यकातील एक अभ्यासविषय आहे. परिणामांचे दोन टप्पे मानले जातात. पहिला तासा-दिवसांचा, म्हणजे भीती आणि धक्क्याचा. दुसरा आठवडे, महिने, क्वचित वर्षे चालणारा. त्यात औषधांत खंड पडणे, निवारा छावणीतले जेवण, अपुरी झोप आणि थंडी-ऊन यांचा वाटा मोठा असतो. संशोधन मुख्यतः भूकंपांवर झाले आहे, कारण भूकंपाची वेळ मिनिटापर्यंत ठाऊक असते आणि आधीचे व नंतरचे मृत्यू वेगळे मोजता येतात. पुराचे पाणी चढत-उतरत राहते. तिथे अशी रेघ ओढणे कठीण जाते.

अथेन्स परिसराला २४ फेब्रुवारी १९८१ रोजी बसलेल्या भूकंपानंतरच्या मृत्युनोंदी दिमित्रिओस त्रिखोपुलोस आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. त्या दिवसांत हृदयविकाराचे मृत्यू वाढले होते, कर्करोगाचे मात्र वाढले नव्हते. त्यामुळे ही वाढ नोंदणीतल्या गोंधळाची नसून ताणाची असावी, या अनुमानाला बळ मिळाले. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे ४.३१ वाजता लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. लेओर, पूल आणि क्लोनर यांनी तेथील मृत्युतपासणी कार्यालयाच्या नोंदींवरून दाखवले, की रोहिणीकाठिण्याशी (रोहिण्यांत चरबीचे थर साचून त्या कडक होण्याशी) निगडित आकस्मिक हृदयमृत्यू आधीच्या आठवड्यात दिवसाला सरासरी ४.६ होते, ते भूकंपाच्या दिवशी २४ झाले. बहुतेकांना छातीतल्या वेदनेसारखी लक्षणे किंवा मृत्यू पहिल्या तासाभरातच आला. धावपळ वा जड वस्तू उचलणे अशा असाधारण श्रमाशी जोडता आलेले मृत्यू फक्त तीन होते.

पुढच्या सहा दिवसांत हीच सरासरी २.७ पर्यंत, म्हणजे नेहमीपेक्षाही खाली आली. या घसरणीवर बराच वाद झाला. एका मतानुसार, ज्यांचा मृत्यू जवळच आलेला होता तो फक्त काही दिवस अलीकडे ओढला गेला. दुसऱ्या मतानुसार, पहिल्या ताणातून वाचलेले हृदय काही काळ रक्तपुरवठ्याची तूट अधिक सोसू शकते. प्रयोगशाळेत प्राण्यांमध्ये असे ‘पूर्वसंस्करण’ दिसते. पहिले मत अधिक साधे आहे आणि उपलब्ध आकड्यांशी जुळतेही. दुसरे मानवी लोकसंख्येत सिद्ध करणे अवघड आहे.

दुसरा वाद वेळेचा. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी सायंकाळी ५.०४ वाजता सॅन फ्रॅन्सिस्को परिसराला बसलेल्या लोमा प्रिएटा भूकंपानंतर हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या वाढली नाही. पहाटे आणि सकाळी रक्तदाब चढतो, रक्तातील बिंबाणू (गुठळी बनवणाऱ्या पेशी, प्लेटलेट) अधिक चिकट होतात आणि झटक्यांचे प्रमाण मुळातच जास्त असते, हे १९८५ पासून मान्य आहे. तेव्हा पहाटेच्या झोपेतला धक्का या चढत्या काळाला लागून येतो, असे स्पष्टीकरण पुढे आले. त्यावर आक्षेप असा, की नॉर्थरिजचा केंद्रबिंदू दाट वस्तीखाली होता, लोमा प्रिएटाचा सांताक्रूझच्या डोंगरात. फरक हादऱ्याच्या जोराचाही असू शकतो. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या दोन भूकंपांमुळे या आक्षेपाची धार कमी झाली. ४ सप्टेंबर २०१० चा भूकंप पहाटे ४.३५ ला, शहरापासून दूर झाला. २२ फेब्रुवारी २०११ चा दुपारी १२.५१ ला, शहराच्या अगदी जवळ, आणि त्यात १८५ माणसे मेली. तरीही हृदयविकाराच्या तीव्र झटक्यांत ठळक वाढ दिसली ती पहाटेच्या भूकंपानंतर. दुपारच्या भूकंपानंतर ताकोत्सुबो विकाराचे, म्हणजे ताणाने हृदय तात्पुरते दुबळे झालेले, रुग्ण पुष्कळ आले. म्हणून वेळेचे स्पष्टीकरण सध्या वरचढ वाटते, पण ते पूर्ण पुरते असे म्हणता येत नाही.

ताकोत्सुबो विकाराचे वर्णन १९९० च्या सुमारास हिरोशिमातील साटो व सहकाऱ्यांनी केले. यात हृदयाच्या डाव्या कप्प्याचे टोक काही काळ आकुंचन पावत नाही आणि तो कप्पा ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा फुगलेला दिसतो. ईसीजी झटक्यासारखा येतो, पण अँजिओग्राफीत अडथळा सापडत नाही. रुग्ण बहुधा रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया असतात आणि बहुतेक जणी काही आठवड्यांत सुधारतात. २३ ऑक्टोबर २००४ च्या निइगाता-चुएत्सु भूकंपानंतर जपानमध्ये अशा रुग्णांकडे विशेष लक्ष गेले.

धक्क्याच्या क्षणी अनुकंपी चेतासंस्था (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारे मज्जातंतू) एकदम उत्तेजित होते, ॲड्रेनलीन वाढते, नाडी व रक्तदाब उसळतात आणि रोहिणीतील चरबीचा कमजोर थर फुटू शकतो. २१ सप्टेंबर १९९९ रोजी पहाटे तैवानमध्ये भूकंप झाला तेव्हा काही रुग्णांच्या अंगावर योगायोगाने होल्टर यंत्र (हृदयाचे ठोके सतत नोंदवणारे लहान यंत्र) बांधलेले होते. त्यांच्या आलेखांत हा बदल उमटला. नाडी व रक्तदाब काबूत ठेवणारी बीटा-ब्लॉकर औषधे घेणाऱ्यांत तो फारसा दिसला नाही. १७ जानेवारी १९९५ च्या जपानमधील हानशिन-आवाजी भूकंपानंतर काझुओमी कारिओ यांनी आवाजी बेटावरील वृद्ध उच्चरक्तदाब रुग्ण तपासले. त्यांचा रक्तदाब वाढला होता, रक्त घट्ट झाले होते आणि गुठळी होण्याची प्रवृत्ती बळावली होती. बहुतेकांचा रक्तदाब काही आठवड्यांत पूर्ववत झाला. ज्यांच्या लघवीतून सूक्ष्म प्रमाणात अल्ब्युमिन हे प्रथिन जात होते, त्यांचा अधिक काळ चढा राहिला.

गुठळीचा प्रश्न निवाऱ्यातही येतो. १९४० साली लंडनमध्ये कीथ सिम्पसन यांनी हवाई हल्ल्यांच्या आश्रयस्थानांत रात्रभर खुर्चीवर बसून राहणाऱ्यांत फुप्फुसात गुठळी अडकून झालेले मृत्यू नोंदवले होते. २००४ मध्ये निइगातात आणि २०१६ मध्ये कुमामोतोत घर कोसळण्याच्या भीतीने मोटारीत झोपणाऱ्यांत तेच दिसले. जपानच्या छावण्यांत दाबमोजे (पायांत रक्त साचू न देणारे घट्ट मोजे) वाटणे आणि मोटारीत न झोपण्याची सूचना देणे ही प्रथा त्यातून रुळली.

दुसऱ्या टप्प्याचा सर्वांत भक्कम पुरावा ११ मार्च २०११ च्या पूर्व जपान महाभूकंपाचा आहे. मियागी प्रांतातील रुग्णवाहिकांच्या नोंदींत झटके, पक्षाघात आणि हृदय बंद पडणे हे सगळेच वाढले, पण हृदय अकार्यक्षमतेचे (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडण्याचे) रुग्ण आठवडेच्या आठवडे वाढत्या संख्येने येत राहिले. याची कारणे रोजच्या व्यवहारातली आहेत. कपातल्या तयार नूडल्समध्ये सुमारे ५ ग्रॅम मीठ असते; जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढाला दिवसभरासाठी दिलेली मर्यादाही तेवढीच आहे. शौचालय लांब, अंधारात आणि अस्वच्छ असल्याने वृद्ध, त्यातही स्त्रिया, पाणी कमी पितात आणि लघवीची गोळी चुकवतात. एकीकडे रक्त घट्ट होते, दुसरीकडे ज्याचे हृदय कमजोर आहे त्याच्या पायांवर सूज आणि फुप्फुसांत पाणी चढते. बीटा-ब्लॉकर अचानक बंद झाले की नाडी व रक्तदाब उसळतात. स्टेंट (रोहिणी उघडी ठेवणारी जाळी) नुकताच बसवलेला असताना ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी औषधे थांबली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. भीतीने येणारा मृत्यू टाळणे फारसे कुणाच्या हाती नाही. हे मृत्यू मात्र टाळता येण्याजोगे आहेत, आणि वृत्तान्तांत त्यांना मिळणारी जागा फार कमी आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी धडकलेल्या कतरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्समधील ट्युलेन विद्यापीठ रुग्णालयात एकूण दाखल रुग्णांत हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांचे प्रमाण पुढील दोन वर्षांत सुमारे तिप्पट आढळले. शहराची लोकसंख्या आणि चालू रुग्णालयेच बदलल्यामुळे हा आकडा जपून वापरावा लागतो. बेरोजगारी, विम्याचा अभाव आणि औषधे न घेणे यांचे प्रमाणही या रुग्णांत जास्त होते.

जपानमधील हृदयरोग व उच्चरक्तदाब संस्थांनी २०१४ मध्ये आपत्तीतील हृदयरुग्णांसाठी संयुक्त मार्गदर्शिका काढली. २०११ मध्ये मिनामिसानरिकू येथे छावणीतल्या रुग्णांचा रक्तदाब मोजून तो दूरवरच्या डॉक्टरांना कळवण्याची व्यवस्था कारिओ यांच्या गटाने उभारली होती.

भारतातील आपत्ती-वैद्यकाचा भर जखमी, साथीचे रोग आणि मानसिक आघात यांवर राहिला आहे. किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) पहाटे ३.५६ चा, म्हणजे नॉर्थरिजसारखाच झोपेच्या वेळचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी कित्येक दिवस ओसरले नाही आणि पुणे-कोल्हापूर महामार्ग बंद राहिला; अशा वेळी गावातले औषध दुकान पाण्यात असते आणि शहरातला साठा पोहोचत नाही. मदतीच्या पाकिटांत फरसाण, चिवडा, बिस्किटे येतात; त्यांतले मीठ हृदय अकार्यक्षमतेच्या रुग्णाला सोसत नाही.

परदेशी मार्गदर्शिकांत जवळपास नसलेला एक गट इथे मोठा आहे : संधिवाती ज्वरामुळे झडपा बिघडलेले, बहुधा तरुण रुग्ण. त्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन लागते. कृत्रिम धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर, न चुकता घ्यावी लागते आणि आयएनआर (रक्त किती उशिरा गोठते याचे माप) तपासून तिची मात्रा ठरवावी लागते. गोळीत खंड पडला तर झडपेवर गुठळी बसते. छावणीत अतिसारासाठी वा जखमेसाठी दिलेल्या काही प्रतिजैविकांनी तिचा परिणाम वाढला तर रक्तस्राव होतो. अशा रुग्णाने गोळ्यांची पट्टी, शेवटच्या आयएनआरची नोंद आणि झडपेचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावे आणि छावणीत पोहोचताच वैद्यकीय पथकाला दाखवावे.