किडनी द्यायला बहीण तयार आहे. कागदावर ती बहीण आहे का?

घरातलं कुणी किडनी द्यायला तयार झालं की सगळे रक्तगटाच्या मागे लागतात. क्रॉसमॅच आणि एचएलए (दाता-रुग्ण जुळतात का), सीटी अँजिओ (दात्याच्या किडनीच्या रक्तवाहिन्या कशा आहेत) या तपासण्या रुग्णालय क्रमाने करून घेतंच. रेंगाळते ती प्रत्यारोपणाच्या परवानगीची फाइल. त्यामुळे तपासण्या सुरू होतील त्याच आठवड्यात ट्रान्सप्लान्ट कोऑर्डिनेटरकडून (रुग्णालयात प्रत्यारोपणाचं काम जुळवून आणणाऱ्या व्यक्तीकडून) कागदांची यादी घ्या.

आधी नातं कुठल्या गटात बसतं ते बघा. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं एवढेच 'जवळचे नातेवाईक'. यातले आजी-आजोबा आणि नातवंडं २०११ च्या दुरुस्तीने आले. मामा, काका, आत्या, चुलतभाऊ, दीर, वहिनी, जावई यात नाहीत. सासूने सुनेला किडनी दिली तरी कायद्याच्या लेखी ती परकीच. दात्याचं वय १८ पूर्ण हवं.

दात्याची संमती ज्यावर घेतात तो कागद जवळच्या नात्यात फॉर्म १, नवरा-बायकोसाठी फॉर्म २, बाकी सगळ्यांसाठी फॉर्म ३. फॉर्म ११ हा दाता आणि रुग्ण यांचा एकत्रित अर्ज. जवळच्या नात्याला सहसा रुग्णालयातला सक्षम अधिकारीच परवानगी देतो. इतरांची फाइल प्राधिकार समितीकडे जाते. वर्षाला २५ किंवा जास्त प्रत्यारोपणं करणाऱ्या रुग्णालयाची स्वतःची समिती असते, नाहीतर सरकारी समितीपुढे जावं लागतं. तिथे दोघांचं तीन आर्थिक वर्षांचं उत्पन्न, एकत्र काढलेले जुने फोटो, किडनी देण्यामागचं कारण, मध्ये कुणी दलाल आहे का, हे सगळं विचारतात आणि मुलाखतीचं व्हिडिओ चित्रीकरण होतं.

ओळखीला आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, पत्त्याला रेशनकार्ड. हे बहुतेकांकडे असतं. आपल्याकडे खरी अडचण येते ती लग्न झालेल्या बहिणीची. शाळेच्या दाखल्यावर नावामागे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि पुष्कळदा पहिलं नावसुद्धा बदललेलं. या दोन बायका एकच आहेत, हे कागदानेच दाखवावं लागतं: शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नाव बदललं असल्यास राजपत्रातली नोंद, माहेरचं जुनं रेशनकार्ड. आईवडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमधला फरकही आत्ताच दुरुस्त करून घ्या, आधारची दुरुस्ती ऐनवेळी होत नाही. कागदांनी नातं सिद्ध झालं नाही तर डीएनए चाचणीला सांगतात.

पती-पत्नीच्या बाबतीत विवाह प्रमाणपत्र, लग्नातला फोटो आणि मुलांचे जन्मदाखले लागतात. २०२२ मध्ये पुण्यात एका बाईला खोटी पत्नी दाखवून किडनी काढल्याचं प्रकरण उघड झालं, तेव्हापासून तर कुणी या कागदांवर डोळेझाक करेल अशी आशा ठेवू नका. दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतःची संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळण्याचा नियमच आहे. मला तो योग्य वाटतो. 'आईच देईल की' असं घरात परस्पर ठरलेलं असतं, आणि आईला एकटीला कुणी विचारलेलं नसतं. शस्त्रक्रियेच्या आधी कुठल्याही क्षणी दात्याला नकार देता येतो, कारण न सांगताही.

रक्तगट जुळला नाही तर अदलाबदल करता येते: तुमच्या घरचा दाता दुसऱ्या रुग्णाला, त्यांचा तुमच्या रुग्णाला. दोन्ही जोड्यांतले दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईकच हवेत आणि परवानगी समितीचीच लागते.

दाता जवळचा नातेवाईक नसेल आणि दाता किंवा रुग्ण परराज्यातला असेल तर तिथल्या तहसीलदाराकडून रहिवासाची पडताळणी करून आणा. त्याला वेळ लागतो, ते काम सगळ्यात आधी.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली, मात्र रुग्णालय योजनेत असायला हवं. दाता केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर त्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते.